१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नेमकी कुठल्या कुठल्या प्रकारांत बसते?

त्रैराशिक

२२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी एकाच संख्येवर मोठा तक्ता करायचा आहे. संख्या ठरली: १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे नऊ एक्क्यांचा (१११११११११ चा) वर्ग. अट एकच. तक्त्यावरचं प्रत्येक विधान नववी-दहावीतल्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता आलं पाहिजे.

१७ अंकी, विषम, पूर्ण वर्ग, उलटीकडूनही तीच (पॅलिंड्रोम), एवढं लिहून झालं. पुढे अडलं ते असं:

मूळ अवयव हाताने कसे पाडायचे? एक्सेलमध्ये शेवट ...३०० येतो आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ...३२०, हे का? अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून ८१ ने भाग जातो, म्हणून हर्षद संख्या, असं लिहिलं तर चालेल का? कापरेकर संख्या म्हणावी का? आणि मराठीत ती मोठ्याने वाचायची कशी?

---

पाटीपेन्सिल

सतरा अंकांच्या मागे लागूच नका. वर्गमूळ हातात आहे. त्याचे अवयव पाडा आणि घातांक दुप्पट करा.

नऊ एक्के तीन-तीनच्या गटांत बघा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: ३ × ३३३६६७. झालं:

१११११११११ = ३^२ × ३७ × ३३३६६७
१२३४५६७८९८७६५४३२१ = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२

खरा प्रश्न एवढाच उरतो की ३३३६६७ मूळ आहे हे मुलांनी कसं मान्य करायचं. त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या मध्ये येतं. ५७७ पर्यंत मूळ संख्या १०६ आहेत. एवढे भागाकार कोणी करणार नाही, केले तरी एखादा चुकणार. पण इथे सुंदर पळवाट आहे.

समजा, प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, आणि म्हणून ९९९९९९९९९ (= ९९९ × १००१००१) लाही भागते. याचा अर्थ १/प च्या दशांशातला आवर्ती गट १, ३ किंवा ९ अंकांचा (गटाची लांबी ९ चा विभाजक हवी). एक अंकाचा गट फक्त ३ देते. तीन अंकांचा फक्त ३७ देते, कारण ९९९ = २७ × ३७. या दोन्ही इथे बाद: ३३३६६७ ची अंकबेरीज २८, आणि ३७ ने भागलं तर बाकी १. उरला नऊ अंकांचा गट. गटाची लांबी प − १ ला भागते (फर्माचं छोटं प्रमेय), आणि प विषम आहे, म्हणून प − १ ला १८ ने भाग गेलाच पाहिजे.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या (३७ वगळून) फक्त सोळा: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा मुलांना एकेक वाटून द्या, पाच मिनिटांचं काम. १९ ने बाकी ८ येते, ५७७ ने १६१. मधल्या त्यांनाच काढू द्या.

तक्त्यावर एक कोपरा १/३३३६६७ ला द्याच. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, म्हणून उत्तर ०.०००००२९९७ ०००००२९९७... असं चालतं. नऊ अंकांचा आवर्ती गट देणारी ही जगातली एकमेव मूळ संख्या आहे. तीन अंकांची एकमेव ३७, एक अंकाची एकमेव ३. म्हणजे आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव 'एकमेव' जातीचे. माझ्या मते तुमच्या तक्त्यावरची ही सगळ्यात भारी गोष्ट आहे, पॅलिंड्रोमपेक्षाही.

विभाजकांची संख्या: घातांकांत एकेक मिळवून गुणा, (४+१)(२+१)(२+१) = ४५. विषम आली, यायलाच हवी. पूर्ण वर्गात वर्गमूळ स्वतःचाच जोडीदार असतो.

---

आकडेमोड

एक्सेल आणि ब्राउझर दोन वेगळ्या कारणांनी चुकतात.

एक्सेल १५ सार्थ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. सतरा अंकी संख्या टंकली की शेवटचे दोन गेले: १२३४५६७८९८७६५४३००. सेलचा फॉरमॅट नंतर बदलून ते परत येत नाहीत, कारण साठवतानाच गेलेले असतात. आकडा टाकण्याआधी सेल 'टेक्स्ट' करा, किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. तसा मजकूर नुसता दाखवायला ठीक. त्यावर बेरीज-गुणाकार केला की पुन्हा पंधरा अंकच.

ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट साध्या संख्या ५३ बिटांच्या अचूकतेने ठेवते. २^५३ = ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. याच्या पुढे, २^५४ पर्यंत, फक्त सम संख्या अचूक मावतात. आपली संख्या याच पट्ट्यात आहे आणि विषम आहे, म्हणजे तिला जागाच नाही. ...३२० आणि ...३२२ दोन्ही सारख्याच अंतरावर, नियमाप्रमाणे ...३२० निवडली जाते. आकड्याच्या शेवटी 'एन' लावून बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) केलं की बरोबर उत्तर मिळतं.

आता यातला खरा सापळा. 'पूर्ण वर्ग आहे का' हे दशांश वर्गमूळाने तपासलं, तर ...३२० ही चुकीची संख्यासुद्धा पूर्ण वर्ग ठरते! तिचं खरं वर्गमूळ १११११११११ पेक्षा सुमारे ०.०००००००००४५ × १० एवढंच कमी आहे, इतका फरक त्या साठवणीत मावत नाही, म्हणून वर्गमूळ बरोब्बर १११११११११ दिसतं. उलटा ताळा घ्यायला त्याचा वर्ग केला तर तोही ...३२० येतो. दोन चुका एकमेकींना साक्षीदार. कागदावर मात्र एका नजरेत कळतं: शेवटी एकच शून्य असलेली संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही.

पायथॉनमध्ये पूर्णांकांना मर्यादा नाही, तरी दोन पथ्यं पाळा. भागाकाराला एक तिरपी रेघ दिली की उत्तर दशांशात जातं, म्हणून दोन द्या. वर्गमूळासाठी मॅथ मॉड्यूलमधलं साधं 'एसक्यूआरटी' नको, 'आयएसक्यूआरटी' घ्या.

---

आकडेमोड

दुरुस्ती: वर ०.०००००००००४५ × १० असं विचित्र लिहिलं गेलं. सरळ ०.०००००००००४५ च्या दहापट, म्हणजे ०.००००००००४५. (१ भागिले वर्गमूळाची दुप्पट, असं काढा.)

---

देवळाली लोकल

कापरेकरांचं नाव आलंच आहे तर नीट लावून घेऊ, कारण त्यांच्या नावाशी जोडलेले चार-पाच प्रकार आहेत आणि लोक ते सर्रास मिसळतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणू १९०५, देवळालीत शाळामास्तर, निधन १९८६. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक सगळ्यांना पाठ असतो, पण आपल्या संख्येशी संबंध आहे तो डेम्लो संख्यांचा.

डेम्लो संख्या: तीन तुकडे पाडा. मधल्या तुकड्यात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा), आणि डाव्या-उजव्या तुकड्यांची बेरीज केली की तोच अंक पुन्हा पुन्हा. १६५ मध्ये १ + ५ = ६. ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९. एक्क्यांच्या वर्गांना कापरेकरांनी खास 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं. नाव एका स्टेशनचं आहे: जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरचं डेम्लो, म्हणजे आजचं डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून. डोंबिवलीकरांनी तक्त्यासमोर फोटो काढायला हरकत नाही.

हर्षद (हर्ष देणारी): स्वतःच्या अंकबेरजेने निःशेष भाग जाणारी. आपली संख्या हर्षद आहे, पण तुम्ही दिलेलं कारण चूक आहे. 'अंकबेरजेला भाग जातो म्हणून संख्येला जातो' हे ३ आणि ९ पुरतंच खरं, ८१ ला लागू नाही. १८९९९९९९९९ घ्या: अंकबेरीज ८१. नऊने भागा, २११११११११ येतं, त्याची अंकबेरीज १०. म्हणजे पुन्हा नवाने भाग जात नाही, ८१ ने तर नाहीच.

बरोबर कारण: १११११११११ ची अंकबेरीज ९, म्हणून त्याला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने. उत्तर १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१.

एक ते नऊ एक्क्यांचे नऊ वर्ग घेतले तर त्यांतले किती हर्षद, हेही मुलांना विचारा. क एक्क्यांच्या वर्गाची अंकबेरीज क^२ येते, म्हणून प्रश्न एवढाच की क एक्क्यांच्या संख्येला क ने भाग जातो का. तो फक्त १, ३ आणि ९ ला जातो. १, १२३२१ आणि आपली, या तिघीच.

---

हातचा एक

४५ विभाजक म्हणजे बरेच झाले की. मग ही विपुल संख्या (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःहून जास्त) असणार, तेही लिहा. आणि मला वाटतं ही स्मिथ संख्याही आहे.

---

पाटीपेन्सिल

@हातचा एक, दोन्ही नाही. विभाजक किती यापेक्षा ते केवढे याला महत्त्व. इथे ३३३६६७ एवढा मोठा अवयव आहे, त्याचा बेरजेला जवळजवळ काहीच हातभार लागत नाही. सगळ्या विभाजकांची बेरीज:

(१+३+९+२७+८१) × (१+३७+१३६९) × (१+३३३६६७+१११३३३६६६८८९)
= १२१ × १४०७ × १११३३४०००५५७
= १८,९५,४२,७९,५९,२८,२७,५७९

यातून मूळ संख्या वजा केली की ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८ उरतात, संख्येच्या निम्म्याच्या थोडं वर. बेरीज संख्येहून कमी, म्हणून ही न्यून संख्या. ताळा घ्यायचा तर बेरीज विषम आली का बघा. विषम पूर्ण वर्गाच्या विभाजकांची बेरीज नेहमी विषमच येते. (संख्या उघडच मोठी आहे, हा गुणाकार एक्सेलमध्ये करू नये. वर वाचलंच असेल.)

स्मिथ संख्येत मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज, जितक्या वेळा अवयव येतो तितक्या वेळा धरून, संख्येच्या अंकबेरजेइतकी लागते. इथे ३ चार वेळा: १२. ३७ दोनदा: २०. ३३३६६७ दोनदा: ५६. एकूण ८८. हवे होते ८१. सातने हुकली.

---

त्रैराशिक

हर्षदचं कारण दुरुस्त केलं, आभार. मग कापरेकर संख्या आणि स्वयंभू संख्या या दोन रकान्यांत काय लिहू?

---

देवळाली लोकल

दोन्हींत 'नाही'. पण 'नाही' का, ते लिहा; तेच वाचनीय आहे.

कापरेकर संख्या: वर्ग करा, मूळ संख्येत जितके अंक तितके उजवीकडून तोडा, दोन तुकड्यांची बेरीज मूळ संख्या यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. आता १११११११११ चा वर्ग नऊ अंकांवर तोडला तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. देखणं आहे, पण १११११११११ नाही, त्याच्या नऊपट आहे. इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

आणि खुद्द १७ अंकी संख्या? तिचा वर्ग ३३ अंकी, तो करायची गरज नाही. व्याख्येप्रमाणे वर्गातून संख्या वजा केली की 'डावा तुकडा × सतरा नवांची संख्या' उरायला हवं, म्हणजे संख्या × (संख्या − १) या गुणाकाराला सतरा एक्क्यांच्या संख्येने भाग जायला हवा. नऊ एक्के आणि सतरा एक्के यांत सामाईक अवयव नाही, कारण ९ आणि १७ यांचा मसावि १. म्हणजे सगळा भाग 'संख्या − १' लाच जायला हवा. पण १२३४५६७८९८७६५४३२० ही सतरा एक्क्यांपेक्षा मोठी आणि त्यांच्या दुपटीपेक्षा लहान. भाग जाणार कुठून? निकाल लागला.

स्वयंभू (सेल्फ नंबर, यालाच देवळाली संख्याही म्हणतात): जिला 'जनक' नाही ती. २१ मध्ये तिची अंकबेरीज ३ मिळवली की २४, म्हणून २४ चा जनक २१. २० ला कोणीच जनक नाही, ती स्वयंभू.

आपल्या संख्येचा जनक शोधू. जनकाची अंकबेरीज 'ब' म्हणू. जनक आणि ब यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच येते, आणि दोघांच्या बेरजेला ९ ने भाग जातो, म्हणून दोघांनाही स्वतंत्रपणे ९ ने भाग जातो. १७ अंकांत ब जास्तीत जास्त १५३. संख्येच्या शेवटच्या ३२१ मधून १५३ सहज वजा होतात, म्हणून पहिले १४ अंक (१२३४५६७८९८७६५४) जागचे हलत नाहीत; त्यांची बेरीज ७५. मग ब ७५ ते १०२ मध्ये आणि ९ च्या पटीत: ८१, ९०, ९९. तीनच उमेदवार.

३२१ − ८१ = २४०, अंकबेरीज ६, एकूण ८१. जुळलं.
३२१ − ९० = २३१, पुन्हा ६, एकूण ८१, हवे ९०. नाही.
३२१ − ९९ = २२२, तेच. नाही.

जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४०.

---

काटकोन

भूमितीवाल्यांसाठीही एक रकाना ठेवा. ३७ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ३७^२ = १२^२ + ३५^२. दोन्ही बाजूंना ३००३००३ च्या वर्गाने गुणा (३७ × ३००३००३ = १११११११११):

३६०३६०३६^२ + १०५१०५१०५^२ = १११११११११^२

म्हणजे आपली संख्या हा एका काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा वर्ग आहे, आणि बाजू पूर्णांकात असलेला असा त्रिकोण एकच. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागून बाकी ३ उरते, त्यामुळे ते नवी फोड देत नाहीत.

पॅलिंड्रोमबद्दल एक इशारा. 'एक्के वाढवत जा, नक्षी चालूच राहते' असं कुठेही लिहू नका. गुणाकार मांडला की स्तंभांच्या बेरजा १, २, ३ ... ९ ... ३, २, १ अशा येतात. नऊपर्यंत हातचा नाही म्हणून नक्षी टिकते. दहा एक्क्यांना मधला स्तंभ १० होतो आणि हातचा डावीकडे सरकतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, मध्ये दोन शून्यं. आपली संख्या ही या रांगेतली शेवटची शाबूत संख्या आहे.

---

अंकलिपी

वाचनाचं राहिलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथातली अठरा स्थानं अशी: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक नाव मागच्याच्या दसपट. १७ अंक म्हणजे आपला पहिला १ 'मध्य' स्थानी, परार्धाच्या एकच पायरी खाली. आणि मधला ९ अर्बुदावर, म्हणजे दशकोटीवर.

हिंदी पद्धत शंभरपटीने चढते: अरब, खरब, नील, पद्म. तिथे ही '१२ पद्म ३४ नील ५६ खरब ७८ अरब ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१' होते. मराठी खर्व १०^१० आणि हिंदी खरब १०^११. नावं जवळची, किंमत दहापट वेगळी. दोन्ही पद्धती एका वाक्यात आल्या की घात.

मुलांना झेपेल असं हवं तर कोटीवर थांबा: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. 'कोटी' दोनदा येतं, ते चूक नाही. वाचताना दुसऱ्या कोटीनंतर श्वास घ्या.

---

त्रैराशिक

सगळं उतरवून घेतलं. स्वल्पविराम कुठे देऊ?

---

अंकलिपी

मुख्य आकड्यात देऊच नका. १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असं लिहिलं की उजवीकडे तीनचा गट पडतो आणि आरशातली नक्षी डोळ्याला दिसत नाही. आकडा सलग, मधला ९ लाल रंगात. स्वल्पविराम खाली वाचनाच्या ओळीत.